टर्बो डिझेल पिकअपची इंधन यंत्रणा सुधारताना सुरुवात टाकीपासून करा

रिकामी गाडी मस्त पळते, माल भरला की चढाला मरते. द्वारका असो, आडगाव नाका असो की पाथर्डी फाटा, नाशिकच्या गॅरेजांत ही तक्रार कांद्याच्या आणि टोमॅटोच्या हंगामात हमखास ऐकू येते. मुंबईहून परतीचा माल घेऊन कसारा चढताना किंवा चांदवडजवळ राहुड घाटात गाडी दम टाकते, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते. मग ठरलेले उपाय सुरू होतात. नोझल बदला, पंप खोला, कोणी सांगतं चिप टाका. पैसे जातात, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तोच चढ, तोच गिअर.

यात चूक असते ती क्रमाची. डिझेल टाकीतून निघतं, जाळी, पाइप, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं), फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर असं करत हाय प्रेशर पंपाकडे येतं आणि सगळ्यात शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे. दुरुस्ती मात्र शेवटच्या टोकाकडून सुरू होते. टाकीत गाळ तसाच ठेवून नवे इंजेक्टर बसवले, तर तो गाळ नव्या इंजेक्टरांत जातो. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारी धूळही तिथे पुरेसं नुकसान करते.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. परदेशी व्हिडिओंत सुपरचार्जर लावलेले पेट्रोल ट्रक दिसतात आणि त्यांत मोठा पंप, मोठे इंजेक्टर बसवतात. पेट्रोल इंजिनात दाबाने जास्त हवा भरली आणि पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन नॉक करतं आणि पिस्टन जातो. म्हणून तिथे इंधन वाढवणं हा जीव वाचवण्याचा भाग असतो. आपल्या डिझेल पिकअपचा हिशोब वेगळा. डिझेल कमी पडलं तर ओढ जाते, इंजिन जळत नाही. गरजेपेक्षा जास्त डिझेल टाकलं, तर मात्र एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो, पिस्टन दोन्ही धोक्यात येतात. त्यामुळे आपल्याकडे सुधारणा म्हणजे कंपनीने ठरवलेलं डिझेल, पूर्ण लोडवरही, स्वच्छ आणि हवेच्या बुडबुड्यांशिवाय पंपापर्यंत पोचवणं. पुढची सगळी कृती त्यासाठीच आहे. ती कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या, पिकअप आणि छोट्या ट्रकना धरून लिहिली आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

१. पाना उचलण्याआधी मोजा

पहिला प्रश्न हवा कमी पडते की डिझेल, हा. जुन्या गाडीत लोडवर काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा बघा. फाटलेला इंटरकूलर पाइप तेलकट होतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा दिसतो. धूर नाही आणि ओढही नाही, तर संशय डिझेलवर. बीएस-६ प्रदूषण मानकाच्या गाडीत डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) धूर अडवतो, म्हणून तिथे धुरावरून काही ठरवू नका. स्कॅनरच लागेल.

स्कॅनर लावून रेल प्रेशरचे दोन आकडे बघा: ईसीएमने (इंजिनाच्या कंप्युटरने) मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. आयडलला हे साधारण २५० ते ४०० बार असतं, पूर्ण लोडला अनेक गाड्यांत १६०० बारच्या वर जातं. गॅरेजात उभ्या गाडीवर आयडलचे आकडे बघून "सगळं ओके आहे भाऊ" म्हणणं, हीच इथली नेहमीची चूक. आकडे लोडवर बघायचे. माल भरून, कोणीतरी शेजारी स्कॅनर घेऊन बसून, चढावर. चालकाने स्वतः बघायचे नाहीत.

आयडलला दोन्ही आकडे जुळतात आणि पूर्ण लोडला मिळालेलं प्रेशर मागे पडतं, असं असेल तर बहुतेक वेळा खोट कमी दाबाच्या बाजूला, म्हणजे टाकी ते पंप या वाटेवर असते. सुरू करतानाच प्रेशर चढत नसेल, सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर हाय प्रेशर पंप, त्यात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टरची गळती हे संशयित आधी येतात.

यानंतर दोन साध्या चाचण्या करा.

फिल्टरच्या आधीच्या कमी दाबाच्या पाइपात वीतभर पारदर्शक डिझेल होज जोडून इंजिन चालवा आणि रेस द्या. बुडबुडे दिसले तर टाकीकडून कुठेतरी हवा ओढली जातेय. ही होज फक्त तपासणीपुरती, काम झालं की काढा.

दुसरी, कॅनची चाचणी. स्वच्छ डिझेलचा कॅन घट्ट बांधून ठेवा, सप्लाय आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) दोन्ही पाइप त्यात सोडा. कॅनवर इंजिन नीट चाललं आणि टाकीवर नाही, तर इंजेक्टरला हात लावायचं कारणच उरत नाही. गॅरेजवाल्याकडे व्हॅक्यूम गेज असेल तर अजून चांगलं. फीड पंपाच्या आधी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, मोजा, मग सेपरेटरच्या अलीकडे-पलीकडे मोजा. जिथे आकड्यात मोठा फरक पडतो, तिथे वाट अडलेली आहे.

सावधान: पारदर्शक होज, कॅन, गेज हे सगळं फक्त टाकी ते हाय प्रेशर पंप या भागात. पंपापासून पुढच्या लोखंडी पाइपांना या टप्प्यावर हात लावायचा नाही. कॅन केबिनमध्ये किंवा सायलेन्सरजवळ ठेवू नका, आणि ही चाचणी गाडी उभी करूनच करा.

२. जागा, हवामान आणि सामान

"डिझेल आहे, पेट्रोल नाही, पेटत नाही" हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. म्हणजे भर दुपारी उघड्या टाकीवर ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. काम सकाळी लवकर, मोकळ्या हवेत करा. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर त्या दिवशी टाकी उघडू नका. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, गाडीच्या मागे अडगळीत नको.

पाऊसही लक्षात घ्या. टाकीचं काम जूनच्या आधी उरकलेलं बरं. इगतपुरीच्या पावसात उघडी टाकी किंवा उघडा फिल्टर म्हणजे स्वतःहून पाणी भरणं.

आदल्या दिवशी गाडीची खालची बाजू आणि फिल्टरच्या आसपासचा भाग धुवून वाळू द्या. सुकलेली काळी माती सैल होऊन उघड्या पाइपात पडते, म्हणून हे आधी. वायरिंगच्या जोडांवर आणि ईसीएमवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही.

सामान आधीच गोळा करा. गाडी उघडून ठेवून कोणाला तरी दुकानात पिटाळलं, की मिळेल तो पार्ट बसतो. लागेल ते असं: कंपनीचा किंवा त्याच दर्जाचा डिझेल फिल्टर, जादा वॉटर सेपरेटर बसवणार असाल तर तो ब्रॅकेटसकट, डिझेलसाठीचा नायट्राइल रबरचा होज, गोल काठाच्या क्लिपा, बंजो बोल्टसाठी (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) नवे वॉशर, टाकीच्या सेंडर युनिटचं (डिझेलची पातळी सांगणाऱ्या भागाचं) नवं सील, उघड्या तोंडांवर लावायला प्लास्टिकच्या टोप्या, धागे न सुटणारं कापड, हातमोजे, चष्मा आणि टॉर्क पाना. कॉटन वेस्ट या कामात वापरू नका, त्याचे तंतू पाइपात जातात.

होज घेताना त्यावर छापलेलं वाचा. साधा पाण्याचा किंवा हवेचा होज डिझेलने फुगतो, आतून सोलला जातो आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. दुकानदाराने "दादा, हाच सगळे नेतात" म्हटलं तरी इंधनासाठीचं मानक छापलेलं नसेल तर घेऊ नका.

इग्निशन बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नका. डीईएफच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) बीएस-६ गाडीत इंजिन बंद झाल्यावरही त्याचा पंप लाइन रिकामी करत असतो, त्याला काही मिनिटं द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

३. टाकी उतरवून स्वच्छ करणे

टाकी पाव भागापर्यंत आली की हे काम काढा आणि गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी गाडी न हलवता ड्रेन प्लग हळू सैल करा आणि पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. अर्धा तास बरणी ठेवून बघा. खाली स्वच्छ थर दिसला तर पाणी. तपकिरी चुरा म्हणजे गंज. काळा, बुळबुळीत थर दिसला तर पाणी बराच काळ साचून राहिलंय आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढलेत. अशा टाकीला नुसता फिल्टर बदलून काही होत नाही, तो थोड्याच दिवसांत पुन्हा तुंबतो.

टाकी उतरवताना प्रत्येक पाइपला चिकटपट्टी लावून नाव लिहा: सप्लाय, रिटर्न, ब्रीदर (टाकीत हवा येण्याची नळी). सप्लाय आणि रिटर्न उलटे लागले तर गाडी सुरू होते, थोडी चालते आणि मग मिस्त्री दिवसभर इंजेक्टरकडे बघत बसतो. खाली जॅक आणि लाकडी फळीचा आधार दिल्याशिवाय पट्टे सोडू नका. अर्ध्या भरलेल्या टाकीत डिझेल एका बाजूला धावतं आणि टाकी अचानक कलते.

आतून धुवायची ती फक्त स्वच्छ डिझेलने. पाणी, शाम्पू, पेट्रोल, थिनर, काही नको. थोडं डिझेल घालायचं, हलवायचं, ओतायचं, आणि बरणीत उतरणारं डिझेल निर्मळ दिसेपर्यंत पुन्हा करायचं. लोखंडी टाकी आतून गंजली असेल तर माझं स्पष्ट मत नवी टाकी घालावी असं आहे. आतून लावायचे लेप मिळतात, पण गंजावर नीट न धरलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे जाळीवर जाऊन बसतात.

सावधान: टाकीला वेल्डिंग नाही. "धुतलीय, काही होत नाही" यावर कोणाचाही विश्वास ठेवू नका. जोडात राहिलेलं डिझेल उष्णतेने वाफ होतं आणि बंद पत्र्यात ती वाफ फुटते. भोक पडलं असेल तर टाकी बदला.

सप्लाय पाइपच्या तोंडाची जाळी बघा. बऱ्याच गाड्यांत ती कोणीतरी आधीच काढून टाकलेली किंवा खिळ्याने फोडलेली सापडते, कारण "ती तुंबते". तुंबणं हेच तिचं काम आहे. स्वच्छ करून परत लावा, फाटली असेल तर नवी घाला.

रिटर्नचा पाइप टाकीत कुठे सुटतो तेही बघा. कॉमन रेल गाडीत परत येणारं डिझेल गरम आणि फेसाळ असतं. तो पाइप तुटून सप्लायच्या तोंडाशीच वरून पडत असेल तर तोच फेस पुन्हा ओढला जातो.

ब्रीदर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. चिखलाने तो बंद झाला की डिझेल जसजसं खाली जातं तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ बसते. गाडी तास-दीड तास नीट चालून मग मरत असेल आणि झाकण उघडताना "फुस्स" आवाज होऊन पुन्हा चालायला लागत असेल, तर बाकी काही बघण्याआधी ब्रीदर साफ करा. झाकणाचं रबर चिरलं असेल तर तेही बदला. पावसाचं पाणी बहुतेक तिथूनच आत येतं.

तपासणी: टाकी परत बसवण्याआधी आत टॉर्चने बघा. टॉर्च बाहेरून मारायचा, बल्ब आत सोडायचा नाही. कोरडी, चुरा नसलेली, जाळी जागेवर, तिन्ही पाइप मोकळे, असं असेल तरच पुढे.

काढलेलं घाण डिझेल गाळून पुन्हा टाकीत ओतू नका. पाण्याचे बारीक कण कापडातून आरपार जातात. ते नासर्डी नदीत किंवा गटारातही ओतायचं नाही. वापरलेलं ऑइल जिथे जमा करता त्यांच्याकडे जुन्या फिल्टरांसकट द्या.

४. पाइप आणि जोड

ओढीच्या बाजूची, म्हणजे टाकी ते फीड पंप या भागातली, गळती बाहेरून दिसत नाही, हे या कामातलं सगळ्यात फसवं. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो, मिस्त्री म्हणतो गळती नाही, आणि गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते कारण रात्रीत डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं. म्हणून टाकी उतरवलीच आहे तर टाकी ते फिल्टर हे सगळे रबरी होज बदला. एक जुना ठेवून वाचलेले पैसे त्या एका जोडापायी जातात.

जुना होज ओढून काढू नका, लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरून काढा, म्हणजे खालच्या नळीवर ओरखडे पडत नाहीत. नवा होजही ब्लेडनेच कापायचा. हॅक्सॉने कापला की रबराचा चुरा आतच राहतो. आतला व्यास मूळ होजपेक्षा कमी नको. क्लिप रबरात रुतेल एवढी आवळायची नाही.

चेसिसवरचा लोखंडी पाइप जिथे क्लिपांनी धरलेला असतो तिथे घासून पातळ होतो. क्लिप सोडून खालून बोट फिरवा. तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप डिझेलसाठी वापरू नका, डिझेलशी त्यांची प्रक्रिया होऊन चिकट गाळ तयार होतो. दुकानात जस्ती एल्बो स्वस्त मिळतो म्हणून तो या वाटेवर बसवणारे अजून आहेत.

५. जादा वॉटर सेपरेटर: कुठला आणि कुठे

खऱ्या अर्थाने सुधारणा म्हणावी अशी ही एकच जोड. शेतावरच्या ड्रममधलं डिझेल भरणाऱ्या, पावसात इगतपुरी-त्र्यंबक भागात फिरणाऱ्या गाडीला तिचा फायदा मोठा. पण चुकीचा सेपरेटर लावला तर आधी होती तीही ओढ जाते. तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, प्रवाह. सेपरेटरवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. लोक गाडीचं मायलेज काढून हिशोब करतात: तासाला आठ-दहा लिटर जळतं, मग तीस लिटरचा पुरे. हा हिशोब चुकीचा आहे. कॉमन रेलमध्ये फीड पंप जळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल ओढतो आणि उरलेलं थंडावा देऊन परत टाकीत जातं. सेपरेटर पंपाच्या पूर्ण प्रवाहाला पुरणारा हवा. पंपाचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस माहितीत मिळतो.

दुसरी, मायक्रॉन. "जितका बारीक तितका चांगला" म्हणून २ मायक्रॉनचा फिल्टर टाकीनंतर लगेच लावतात. ओढीच्या बाजूला एवढी बारीक गाळणी पंपाचा श्वास कोंडते. इथे ३० मायक्रॉनचा घ्या, डिझेल फारच घाण मिळत असेल तर १० चा, आणि तोही मोठ्या आकाराचा. बारीक गाळण्याचं काम गाडीच्या मूळ फिल्टरला करू द्या.

तिसरी, तोंडाचं माप. सेपरेटरचं भांडं मोठं पण त्याच्या बंजोचं भोक मूळ पाइपपेक्षा बारीक, असा माल बाजारात भरपूर आहे. विकत घेताना बंजो बोल्ट काढून त्याचं भोक डोळ्यांनी बघा.

जागा चेसिसच्या आतल्या बाजूला, टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये. खड्ड्यात दगड लागेल इतकी खाली नको, एक्झॉस्टजवळ नको, आणि ड्रायव्हरला गाडीखाली न झोपता खालचा ड्रेन फिरवता आला पाहिजे. शेवटची अट सोडली तर पाणी कोणी काढतच नाही. बाण डिझेलच्या दिशेने. ब्रॅकेट चेसिसच्या तयार भोकांत बसवा, नवीन भोक पाडू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी होकार घ्या. आणि दुसरी टाकी जोडणं, डीपीएफ काढणं किंवा ताकद वाढवणारी चिप ही या यादीत नाही. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मना आहे. त्याशिवाय, ज्या गाडीला आहे तेवढंच डिझेल नीट मिळत नाही तिला चिप लावून जास्त मागायला लावणं म्हणजे उपाशी बैलाला मोठा नांगर जुंपणं.

६. फीड पंपाला हात कधी लावायचा

मोजमाप सांगेल तेव्हाच. टाकी, पाइप, सेपरेटर झाल्यावर पुन्हा व्हॅक्यूम आणि प्रेशर बघा. वाट मोकळी आहे तरी पंपाचा पुरवठा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी, तर पंप बदला, आणि त्याच भाग क्रमांकाचा.

बाहेरून इलेक्ट्रिक पंप जोडायचा सल्ला सहज दिला जातो. ज्या हाय प्रेशर पंपात गिअर पंप आतच बसवलेला असतो, तो स्वतः ओढण्यासाठी बनवलेला असतो. त्याला मागून दाब दिला तर सील जाऊ शकतात आणि काही रचनांत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. कंपनीने मूळ रचनेतच इलेक्ट्रिक पंप दिला असेल तर तोच, तेवढ्याच दाबाचा. त्याची वायरिंग रिले आणि फ्यूजसह हवी. इग्निशनवरून थेट तार मारली तर अपघातात इंजिन बंद पडूनही पंप डिझेल फेकत राहतो.

७. फिल्टर बदलणे आणि हवा काढणे

फिल्टरच्या तोंडाभोवतीची जागा पुसून मगच जुना फिल्टर सोडा. जुन्या फिल्टरला वॉटर सेन्सर असेल तर तो काढून नव्या ओ-रिंगसह नव्यावर बसवा. ओ-रिंगला डिझेलचा हात फिरवा, ग्रीस नको. जुनी ओ-रिंग वर चिकटून राहिली नाही ना, हे बघा. दोन ओ-रिंग एकावर एक बसल्या की हवा येतेच.

नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने भरून बसवायची सवय मोडा. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता थेट पंपात जातं. फिल्टर कोरडा बसवा आणि हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) भरा. वेळ लागतो, हात भरून येतो, तरी हाच मार्ग. प्रायमर आधी सहज दबतो, मग जड होत जातो. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर दाबलेला असतानाच आवळा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत बॅटरी जोडून चावी ऑन करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा, आणि हे काही वेळा करा. काही गाड्यांत स्कॅनरमधून प्रायमिंगचा आदेश द्यावा लागतो.

सावधान: जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलचे नट सैल करून हवा काढत. कॉमन रेलमध्ये हे कधीही करायचं नाही. हजार बारच्या वरचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि "हाय प्रेशर डिझेल आत गेलंय" हे शब्दांत सांगा. नुसती पट्टी बांधून घरी येऊ नका.

८. इंजिन सुरू करणे

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये मिनिटभर विश्रांती. दोन-तीनदा सुरू झालं नाही तर मारत बसू नका, पुन्हा प्रायमर. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरला तर आतून खरवडतो आणि तो धातूचा चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्न, टाकी असा सगळीकडे पसरतो. ढकलून किंवा टो करून चालू करणं त्यासाठीच वाईट. ईथरचा स्टार्टिंग स्प्रेही मारू नका, ग्लो प्लग तापलेले असताना तो वेळेआधीच पेटतो.

सुरू झाल्यावर काही मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका. मग कमी दाबाच्या सगळ्या जोडांवर कोरडं कापड फिरवा. पंपापासून पुढच्या भागात गळतीचा संशय आला तर हात न फिरवता पुठ्ठा लांबून धरा, ओला डाग कुठे पडतो ते बघा. आवळायचं असेल तर इंजिन बंद करून, दाब उतरायला दहा मिनिटं देऊन.

९. इंजेक्टर, आता

इथपर्यंत सगळं नीट आणि तरी लोडवर प्रेशर मागे, तर इंजेक्टर. लीक-ऑफ चाचणी करा: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन चालवा आणि ठरावीक वेळात किती डिझेल परत येतं ते ताडून बघा. एकात बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आलं तर तो आतून गळतोय. चारही एकदम बदलायचा आग्रह कोणी धरला तर ही चाचणी त्याच्यासमोर करून घ्या.

सातपूरच्या बॉशच्या कारखान्यामुळे नाशिकला डिझेल नोझल आणि इंजेक्टर जाणणारी माणसं चांगली मिळतात, टेस्ट बेंचवर तपासून देणारी केंद्रंही आहेत. तिथून इंजेक्टर आणल्यावर त्यावरचा कोड ईसीएममध्ये भरायला विसरू नका. तो न भरता गाडी सुरू होते पण आयडलला खडखडते आणि दोष नव्या इंजेक्टरवर जातो. तांब्याचा वॉशर नवा, त्याची बैठक कार्बन काढून साफ केलेली. सोडलेला हाय प्रेशर पाइप बऱ्याच कंपन्या पुन्हा वापरू देत नाहीत, तेव्हा तो नवा घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा.

१०. लोडवर चाचणी आणि पुढचे काही आठवडे

रिकाम्या गाडीने गंगापूर रोडला चक्कर मारून "पिकअप आला" म्हणू नका. नेहमीचा, पासिंगमध्ये बसणारा माल भरून, पहिल्यांदा वापरला होता त्याच चढावर, त्याच स्कॅनरने तेच दोन आकडे घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर जुळलं तर काम झालं. ओढ सुधारली पण आकडे अजून मागे, तर तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातलं काहीतरी राहिलंय. ब्रीदर आणि सेपरेटरचा बंजो सगळ्यात आधी बघा.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, सेपरेटरचा ड्रेन सैल करून कपभर काढा. धुतलेल्या टाकीच्या कोपऱ्यांतला उरलासुरला गाळ याच दिवसांत निघतो. पुढे आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात पुन्हा रोज. ड्रेन बंद केल्यावर प्रायमर दोन-चार वेळा दाबायचा. पंपावर डिझेल घेताना घनता मोजून मागायचा तुम्हाला हक्क आहे. ड्रेनमध्ये वारंवार पाणी येत असेल तर हा हक्क वापरा आणि डिझेलची पावती जपून ठेवा.

बीएस-६ गाडी असेल तर निळ्या झाकणाची डीईएफची टाकी आणि डिझेलची टाकी यांची गफलत होणार नाही, हे चालकाला आणि क्लीनरला दोघांनाही समोर उभं करून दाखवा. डीईएफ म्हणजे पाण्यात विरघळलेला ३२.५ टक्के युरिया. तो डिझेलच्या टाकीत गेला तर चावीसुद्धा ऑन करायची नाही. तिथेच गाडी उभी ठेवून टाकी रिकामी करायची. एकदा इंजिन फिरलं की ते पाणी पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातं आणि वर केलेलं सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

जादा सेपरेटरचं कारट्रिज पहिल्यांदा ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदला आणि जुनं कापून उघडून बघा. घडीत चमकणारे धातूचे कण टाकीकडून येत नाहीत, ते पंपातून रिटर्नमार्गे टाकीत येऊन फिरलेले असतात. असे कण दिसले तर गाडी पुढच्या फेरीला न पाठवता पंप तपासायला द्या.